तीन दिवसांचा पाहुणा

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. ही म्हण रचणाऱ्याच्या पंचांगात जोडून सुट्टी नव्हती. शनिवार, रविवार आणि त्याला चिकटलेला सोमवार म्हटला की तिसरा दिवस आपसूक आलाच. यंदा, २०२६ साली, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि वार आहे सोमवार. म्हणजे शनिवारी सकाळी बॅग घेऊन आलेला जिवलग मित्र गणपती बसेपर्यंत मुक्कामाला असणार. त्याची अक्कल काढून कसं चालेल?

म्हणीने सगळा दोष पाहुण्याच्या माथी मारला आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी मेटाकुटीला येतो तो यजमान, आणि तेही स्वतःच्याच उत्साहापायी.

जुन्या घरांत असा उत्साह दाखवायला जागाच नव्हती. मुंबईतल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्या १९२० च्या दशकात. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. तिथे सुट्टीला गावाहून दोस्त आला तर तो झोपणार कुठे, ही चर्चाच होत नसे. रात्री पथाऱ्या पडत, पुरुषमंडळी पॅसेजमध्ये सरकत, त्यात आणखी एक चटई. सकाळी तोही बादली घेऊन रांगेत उभा. पुनर्विकासात याच रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली. वरळीतल्या पहिल्या कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. जागा तिपटीने वाढली, आणि पाहुण्याला कोणत्या खोलीत झोपवायचं हा प्रश्न बहुधा आताच पडायला लागला असेल.

आजच्या फ्लॅटमधली तयारी बुधवारपासून सुरू होते. नवी चादर, पाहुण्यांचा वेगळा टॉवेल, एरवी शोकेसमध्ये बसलेले कप. मित्र येऊन टेकतो न टेकतो तोच त्याला घर दाखवायला नेतात. हे मॉड्युलर किचन, ही ड्राय बाल्कनी, इथून पूर्वी डोंगर दिसायचा. बांधकाम चालू असलेलं घर उत्साहाने हिंडवून दाखवणाऱ्यांना पु. ल. देशपांड्यांनी आपल्या शत्रुपक्षात जमा केलं होतं. ती जमात काही कमी झालेली नाही.

मग कार्यक्रम. शनिवारी अमुक, रविवारी तमुक, सोमवारी घारापुरी. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही बंद असतं, हे कळतं ते रविवारी रात्री. लोणावळ्याचा बेत आखणाऱ्यांची गत तर विचारूच नका. जोडसुट्टीला अख्खी मुंबई आणि अर्धं पुणं त्याच घाटात भेटतं. मित्राशी निवांत गप्पा होतात खऱ्या, पण गाडीत, पहिल्या गिअरमध्ये.

एवढं सगळं मित्राने मागितलेलं असतं का? या बाबतीत एक जुना प्रसंग ऐकण्यासारखा आहे, आणि त्यातली माणसं कोणी ऐरीगैरी नव्हेत.

१९०१ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन कलकत्त्याला भरलं. ते आटोपल्यावर मोहनदास गांधी नावाचे तरुण बॅरिस्टर महिनाभर गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे राहिले. आधी जायला संकोचत होते. गोखले स्वतः येऊन घेऊन गेले. गांधींनी आत्मकथेत या मुक्कामाला चक्क तीन प्रकरणं दिली आहेत. गोखल्यांनी धाकट्या भावासारखं वागवलं, काय हवं-नको ते समजून घेतलं, घरी येणाऱ्या प्रत्येकाशी ओळख करून दिली. बडेजाव कसला तो नाही. पाहुणाही असा मोकळा झाला, की तुम्ही ट्रामने का जात नाही, घोडागाडी कशाला, असं त्याने यजमानालाच विचारलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोखल्यांना हा भोचकपणा सोसला नसता तरी चाललं असतं. पण त्यांनी आपली बाजू समजावून सांगितली.

अकरा वर्षांनी पारडं फिरलं. १९१२ च्या ऑक्टोबरात गोखले दक्षिण आफ्रिकेत उतरले आणि यजमान झाले गांधी. जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्म या गांधींच्या वस्तीवर मुक्काम ठरला. लॉली स्टेशनपासून पायी जायचं होतं. वाटेत पाऊस आला आणि आधीच प्रकृतीने तोळामासा असलेल्या गोखल्यांना थंडी बाधली. स्वयंपाकघर लांब, त्यामुळे खोलीपर्यंत येता येता जेवण निवायचं. फार्मवर सगळेच जमिनीवर झोपत, पण पाहुण्यासाठी म्हणून एक खाट मागून आणली होती. गोखल्यांनी ती बाहेर काढायला लावली आणि जमिनीवर अंथरूण घातलं. रात्री गांधी आणि त्यांचे स्नेही कॅलनबाख पाय चेपायला पुढे झाले, तेव्हा मात्र गोखले अर्ध्या थट्टेत, अर्ध्या रागात बोलले. कष्ट सोसायला तुम्ही तेवढे जन्मलात आणि आम्ही काय लाड करून घ्यायला, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. अंगाला हातही लावू दिला नाही! हे गांधींनीच पुढे ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रह’ या पुस्तकात लिहून ठेवलं.

गोखल्यांचा राग गैरसोयीवर नव्हता. तुम्ही सगळे एका पंगतीत आणि मी वेगळ्या पाटावर, हे त्यांना खुपलं. त्याच दौऱ्यात एका समारंभाला निघताना त्यांचं उपरणं चुरगळलेलं निघालं. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं ते उपरणं. गोखले ते जिवापाड जपत. धोब्याकडे द्यायला वेळ नव्हता. गांधी म्हणाले, मी इस्त्री करतो. वकील म्हणून तुमच्यावर भरवसा आहे, धोबी म्हणून नाही, अशा अर्थाचं गोखले बोलून गेले. गांधींनी हट्टाने इस्त्री केली आणि शाबासकी मिळवली. पाय चेपण्याला झिडकारणाऱ्या माणसाला ही सेवा चालली, कारण ती अडलेल्या वेळेची गरज होती आणि तिच्यात थट्टेला जागा होती.

आता पुन्हा आपल्या शनिवाराकडे येऊ. समजा, मित्र सोलापूरचा आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून तो सकाळी कल्याणला उतरतो. पिशवीत शेंगाचटणी आणि फडक्यात बांधलेली कडक भाकरी. यजमानाने इडली-वडा मागवून ठेवलेला असतो, म्हणून भाकरी जाते फ्रिजवर, आणि तिथेच राहते. त्यापेक्षा वडा राहू द्या संध्याकाळला. ती भाकरी ताटात मोडा, वर दही, चटणी, फोडलेला कांदा. आणणाऱ्याचा चेहरा बघा.

पाण्याची वेळ, गिझरचं बटण, दाराची एक किल्ली आणि वायफायचा पासवर्ड एवढं पहिल्या तासात देऊन टाकावं. दुपारी त्याला झोप आली तर येऊ द्यावी. ‘कंटाळा नाही ना आला?’ हे दर तासाला विचारणं तेवढं बंद करावं.

सोमवारी घरात मोदकांची धांदल असते. अशा वेळी पाहुण्याला हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवतात. तो बिचारा कानकोंडा होतो. त्याला सरळ उकड मळायला बसवावं. तांदळाची उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची असते. चटके बसतात, आणि चटके खाणारा माणूस परका राहत नाही. पारी करताना कडा पातळ आणि बूड थोडं जाड ठेवायचं, नाहीतर सारण खालून डोकावतं. नवशिक्याच्या पहिल्या मोदकाला कळ्या पाच-सहाच पडतात, शेंडी वाकडी होते. सोवळं फार कडक असलेल्या घरात नैवेद्याचे मोदक वेगळे काढतात. तिथे पाहुण्याने नारळ खवावा, केळीची पानं पुसावीत, आरतीची ताम्हनं घासावीत. त्यातलंच एक ताम्हन हाती घेऊन आरतीला उभा असलेला मित्र तिसऱ्या दिवसाचा पाहुणा वाटत नाही. म्हणीतली अक्कल तिथे कोणी मोजायला जात नाही.

राहता राहिलं परतीचं तिकीट. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपतीच्या गाड्या उघडल्या-उघडल्या भरतात. तेव्हा सोलापूरच्या मित्राला सप्टेंबरात बोलवायचं असेल तर फोन जुलैच्या मध्याआधीच करावा. तोही ‘कधीतरी ये रे’ असा नको. तारीख आणि गाडीचं नाव सांगून करावा.