उरलेले अन्न कुणाच्या पानात?

१९६५ साली लालबहादुर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरचा तांबडा मिलो दळून आम्ही भाकऱ्या केल्या, आणि २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा डब्यांतले धान्य मोजले. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताला फोडणी, हे आमच्या घरांना कुणी शिकवायला नको. पण तो कुस्करा खातो कोण? बहुधा सर्वांच्या मागून जेवणारी गृहिणीच! आणि अन्न वाया गेले नाही म्हणून समाधान मात्र आम्हां सर्वांना! आमचे मागणे साधे आहे. कणीक मळण्यापूर्वीच प्रत्येकाने आपल्या पोळ्या सांगाव्यात. तरीही उरल्या, तर दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या पंगतीत, पुरुषांच्या पानांत वाढाव्यात.