सिरपूरच्या तलावावरचे वारकरी



दर हिवाळ्यात रविवारी पहाटे आम्ही सात-आठ जण धार रोडवरच्या सिरपूर तलावावर जातो. तलाव होळकरांच्या काळातला. २०२२ साली यशवंत सागरबरोबर त्याचेही नाव रामसर यादीत गेले, हे आपण जाणताच. आम्हाला बोलायचे आहे ते पक्ष्यांच्या नावांबद्दल.

साडेसहाला धुके असले की दुर्बीण असून नसल्यासारखी. आधी टिटवी ऐकू येते. ऊन आले की पाण्यावर काळे ठिपके दिसू लागतात. अंग काळेभोर, चोच आणि कपाळ पांढरेशुभ्र. हिंदीत टिकरी, इंग्रजीत कूट, आणि मराठीत वारकरी! कपाळावरचा टिळा आणि थव्याने राहण्याची रीत पाहूनच कुणी हे नाव ठेवले असावे. त्याला चटकन उडता येत नाही. पाण्यावर पाय आपटत बराच पळतो, मग कुठे हवेत उठतो.

गेल्या खेपेला सहावीतल्या एका मुलाने विचारले, "वारकरी म्हणजे कोण?" मुलगा पाचव्या पिढीचा इंदुरी. त्याला काय बोलणार? आपल्या रस्त्यावरून पालखी जात नाही. मग त्या थंडीत देहू, आळंदी, पंढरपूर, पायी वारी, सगळे सांगत बसलो. तोवर निम्मे वारकरी पलीकडच्या काठाला पोहोचले होते.

दुसरे हळदी-कुंकू बदक. काळी चोच, टोकाला पिवळी, मुळाशी दोन लाल ठिपके. हिंदीतला गुगरल तो हाच. बरोबरच्या काकू म्हणाल्या, "संक्रांतीचे पहिले वाण हिलाच द्यायला हवे." 'स्पॉट-बिल्ड डक' म्हटल्यावर कुणाला वाण आठवले असते?

मारुती चितमपल्ली यांनी रानोमाळ हिंडून अशी नावे गोळा केली, 'पक्षिकोश' लिहिला. २०२५ मध्ये ते गेले. पण कोशात नसलेलीही नावे आपल्या घरांत असतील. कुणाची आजी धोबी पक्ष्याला परीट म्हणत असेल, खंड्याला आणखी काही. मंडळाच्या कार्यालयात आम्ही एक वही ठेवली आहे, त्यात लिहून द्या. एकाच पक्ष्याची चार नावे आली तर चारही लिहा. बरोबर कोणते याचा वाद घालू नका, तेवढ्यासाठी आपली वार्षिक सभा आहे.

यंदाची पहिली फेरी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. आजी-आजोबांना गाडीतून आणण्याची सोय केली आहे. पोहे-जिलबी परतताना.