उसना कोड आणि आपली यादी
(मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचची नावनोंदणी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये आहे. काहींचे फोन नंबर फक्त त्या यादीतच उरले आहेत. फाइल उघडताच थेट तक्ता समोर आला, तर चुकून दाबलेली कळ एखादा नंबर पुसू शकते. पुढच्या नोंदीवर गेलात की अ‍ॅक्सेस न विचारता बदल सेव्ह करते. म्हणून आधी स्वागताचा फॉर्म यावा आणि त्यावर ‘शोधा’, ‘नवी नोंद’, ‘यादी छापा’ एवढीच बटणे असावीत, असे ठरले.

त्यासाठी नमुना तयारच होता. अ‍ॅक्सेससोबत ‘नॉर्थविंड’ या काल्पनिक व्यापारी कंपनीचा डेटाबेस मिळे. अ‍ॅक्सेस ९७ च्या काळातल्या नमुन्यात सुरुवातीचा फॉर्म होता आणि ‘हा पुन्हा दाखवू नका’ अशी चौकट होती. तिथे खूण केली की कोड ‘स्टार्टअपफॉर्म’ या प्रॉपर्टीत ‘मेन स्विचबोर्ड’ हे दुसऱ्या फॉर्मचे नाव लिहितो. पुढच्या वेळी तोच फॉर्म उघडतो.

हा कोड आपलासा करताना तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, अवतरणचिन्हांतली नावे. फॉर्मचे नाव बदलले तरी ही अक्षरे आपोआप बदलत नाहीत, आणि कंपाइल करतानाही चूक दिसत नाही. दुसरी, नव्या फाइलमध्ये ‘स्टार्टअपफॉर्म’ प्रॉपर्टी मुळात नसू शकते. मग ३२७० क्रमांकाची एरर येते. तेव्हा ती प्रॉपर्टी तयार करणाऱ्या ओळी नमुन्यात आहेत, त्या जपल्या. तिसरी, फाइल रेप्लिका आहे का, हे तपासणारा भाग. अ‍ॅक्सेस २००७ पासूनच्या नव्या फाइल-प्रकारात रेप्लिकेशनची सोयच नाही, म्हणून तो काढला.

एक लक्षात ठेवा. फाइल उघडताना शिफ्ट दाबून धरली की स्वागताचा फॉर्म टळतो. तेव्हा त्याला कुलूप समजू नका. फाइलची प्रत दोन घरी ठेवा.

गणिताच्या तासाला उत्तराइतकेच पायऱ्यांना गुण असत. कोडच्या खिडकीत देवनागरी नीट उमटत नाही, म्हणून कोणती ओळ का बदलली, ते मी वहीत मराठीत लिहिले आहे. ती वही आज समितीकडे देतो. पुढच्या मेळाव्याची यादी तुमच्यापैकी कुणीही सांभाळू शकेल. फक्त आधी वही वाचा, मग कोडला हात लावा.