सभाधीटपणा : कार्यकर्त्याच्या शिक्षणातील एक दुर्लक्षित प्रश्न

(पक्षशिक्षण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सभेत कसे बोलावे’ असा विषय छापलेला पाहून काही जणांना हसू आले असेल, आणि ते साहजिक आहे. मी व्यासपीठ गाजवणारी वक्ती नाही. पक्षाचे ठराव, अहवाल आणि लेख मराठीत आणणे हे माझे काम, आणि ते टेबलाशी बसून करायचे असते. तरीही हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. आपल्या सभांतील भाषणांना जो रोग जडला आहे, त्याची काही लागण माझ्याच टेबलावरून झालेली आहे, अशी माझी खात्री होत चालली आहे. तेव्हा हे व्याख्यान काही अंशी आत्मटीकाही समजावी.

प्रथम भीतीविषयी. पोलिसांच्या लाठीला न भ्यालेले, संपात नोकरी गेली तरी न डगमगलेले कितीतरी कॉम्रेड आपल्या शाखांमध्ये आहेत. त्यांनाच ध्वनिक्षेपकासमोर उभे केले की तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात, पाठ केलेले पहिलेच वाक्य सापडत नाही. हा शरीराचा धर्म आहे. संकट समोर दिसताच रक्तात अ‍ॅड्रिनलिन मिसळते, काळीज धडधडू लागते, श्वास उथळ होतो, लाळ आटते. लढायला किंवा पळायला ही तयारी उपयोगाची असते. एका जागी उभे राहून बोलायला मात्र ती अडचणीची ठरते. बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या काही मिनिटांनंतर हा जोर ओसरू लागतो. म्हणून पहिली दोन वाक्ये पक्की पाठ असावीत आणि ती मुद्दाम सावकाश बोलावीत, एवढीच तजवीज पुरते. मुरलेल्या वक्त्यांचीही छाती आरंभी धडधडते. ते फक्त तिच्याकडे लक्ष देत नाहीत.

परंतु आपल्याच माणसांसमोर, आपल्याच प्रश्नावर बोलताना शरीराला संकट का भासावे? याचे उत्तर केवळ वैद्यकात मिळणार नाही. चारचौघांत बोलण्याचा अधिकार शतकानुशतके वतनदाराला, भटाला, सावकाराला, साहेबाला होता; राबणाऱ्याने खाली मान घालून ऐकायचे होते. दलिताने आणि स्त्रीने तर मान वर करणे हाच अपराध होता. कामगार कॉम्रेडच्या घशात जो आवंढा येतो, त्यात हा सगळा इतिहास साठलेला आहे. तो त्याच्या स्वभावाचा दोष समजून शाखेने त्याची थट्टा केली, तर सावकाराचेच काम पुरे केल्यासारखे होते.

ठाणे जिल्ह्यातील वारल्यांचा लढा आपणा सर्वांना माहीत आहे. जमीनदाराच्या वाड्यावर ज्यांना तोंड उघडण्याची मुभा नव्हती, ते वारली २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारोंच्या संख्येने जमले आणि वेठबिगार बंद करण्याचा निर्णय घेतला गेला. त्यानंतर ती बातमी पाड्यापाड्यांत नेली ती वारल्यांनीच. ध्वनिक्षेपक नव्हते, छापील पत्रके वाचणारेही फारसे कोणी नव्हते. कॉ. गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर, शहरात वाढलेल्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. ते आपण लढ्याचा इतिहास म्हणून वाचतो, तसे मुक्या केलेल्या माणसाला वाचा कशी फुटते या दृष्टीनेही एकदा वाचून पाहावे. ती वाचा वक्तृत्वाच्या वर्गात फुटलेली नाही. मागणी आपली आहे आणि आपण एकटे नाही, या दोन गोष्टी पटल्या तेव्हा ती फुटली.

आता दुसऱ्या प्रकारच्या भीतीकडे वळते. ही शिकलेल्या कार्यकर्त्याची भीती आहे, आणि माझा संबंध प्रामुख्याने हिच्याशी येतो. या कॉम्रेडला श्रोत्यांची फारशी भीती वाटत नाही. आपल्या तोंडून पक्षाच्या भूमिकेविरुद्ध काही निसटून जाईल, याची वाटते. मग तो ठरावाचा आधार घेतो. तो बोलू लागतो: ‘साम्राज्यवादी वित्तभांडवलाच्या दबावाखाली राज्यकर्त्या वर्गांकडून अवलंबिल्या जाणाऱ्या नवउदारवादी धोरणांच्या परिणामी श्रमिक जनतेच्या जीवनमानावर होत असलेल्या वाढत्या आघातांच्या पार्श्वभूमीवर…’ हे वाक्य मी आत्ता रचले, परंतु अशी वाक्ये मी वर्षानुवर्षे लिहीत आले आहे. यात चुकीचे काही नाही. फक्त क्रियापद अजून आलेले नाही! इंग्रजी वाक्यात कर्ता आणि क्रियापद आधी येतात आणि शेपूट मागाहून फुटत जाते. आम्ही अनुवादक ती सारी शेपूट उचलून नामाच्या आधी रचतो. छापील पानावर वाचकाची नजर मागे जाऊन धागा शोधू शकते. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. तो क्रियापदाची वाट पाहत दम रोखून धरतो, आणि तिसऱ्या वाक्यापाशी शेजाऱ्याला तंबाखू विचारतो.

कॉ. लेनिन यांनी ‘काय करावे?’ (१९०२) या ग्रंथात प्लेखानोव्ह यांच्या आधारे केलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. थोड्या लोकांना अनेक कल्पना त्यांच्या परस्परसंबंधांसह देतो तो प्रचारक, आणि पुष्कळ लोकांना एकच कल्पना देतो तो आंदोलक. (या दोन शब्दांसाठी मी आजवर तीन-चार जोड्या वापरून पाहिल्या, एकही पुरती पटलेली नाही. तूर्त या चालवून घ्याव्यात.) बेकारीच्या प्रश्नावर प्रचारक भांडवली अरिष्टांची मीमांसा करील. आंदोलक श्रोत्यांना ठाऊक असलेली एखादी ठळक घटना घेईल. लेनिन यांनी दिलेले उदाहरण बेकार कामगाराच्या कुटुंबातील भूकबळीचे आहे. त्या एका घटनेतून संपत्तीची वाढ आणि दारिद्र्याची वाढ यांतील विसंगती तो श्रोत्यांच्या मनावर ठसवील. प्रचारकाचे साधन मुख्यतः छापील शब्द, आंदोलकाचे जिवंत शब्द. आपली चूक अशी की छापील शब्दच आपण तोंडाने बोलतो.

हेच ठरावातील वाक्य कारखान्याच्या दारावर कसे बोलता येईल? पूर्वीच्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा त्याहून अधिक कामगारांचा कारखाना बंद करायचा, ले-ऑफ द्यायचा किंवा कामगारकपात करायची, तर मालकाला आधी सरकारची परवानगी घ्यावी लागे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने हा आकडा ३०० वर नेला. एवढे सांगून वक्त्याने विचारावे, ‘आपल्या कारखान्यात किती माणसे आहेत?’ आणि थांबावे. श्रोते मनातल्या मनात मोजू लागतील, कोणी कंत्राटी धरायचे की नाही म्हणून विचारील, आणि सभा तेथून सुरू होईल. साम्राज्यवादी वित्तभांडवल यात आले नाही, असा आक्षेप घेतला जाईल. ते अभ्यासवर्गात येईल. गेटसभेत आपल्याजवळ पाळी सुटल्यापासून शेवटची सायकल बाहेर पडेपर्यंतचा वेळ असतो.

मला हे एका बाईने शिकवले. काही वर्षांपूर्वी सोलापुरात विडी कामगार स्त्रियांच्या एका छोट्या सभेत मला बोलायला सांगण्यात आले. मी रात्र जागून भाषण लिहिले. भाषा अर्थातच निर्दोष होती. पहिले पान वाचून होईपर्यंत मागच्या बाया आपसांत बोलू लागल्या, आणि मान वर करायचे धैर्य नसल्यामुळे मी अधिकच वेगाने वाचू लागले. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारले, ‘ताई, ते छाटीचं सांगा की.’ माझ्या कागदात छाट नव्हती. पण आदल्या दिवशी मी त्यांच्याच घरी बसून ती समजून घेतली होती. हजार विड्या वळून नेल्या की तपासणारा त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला टाकतो, त्यांची मजुरी मिळत नाही, आणि त्या विड्या फेकून दिल्या जात नाहीत, विकल्या जातात. दिलेले पान हजाराला पुरले नाही तर पदरचे पैसे घालून घ्यावे लागते. मी कागद बाजूला ठेवला आणि एवढेच बोलू लागले. एक दुरुस्ती डावीकडून आली, एक उजवीकडून. एका बाईंनी उभ्या राहून आपला हिशेबच मांडला. त्यांची मातृभाषा तेलुगू, मराठी मोडकी, पण त्यांना कोणी हसले नाही. किती वेळ गेला ते मला समजले नाही. वरकड मूल्य हा शब्द त्या दिवशी कोणी उच्चारला नाही. चर्चा मात्र त्याचीच झाली.

माझी भीती कोठे गेली, याचा मी मागाहून पुष्कळ विचार केला. कागद वाचत होते तोवर माझे सारे लक्ष माझ्याकडे होते: उच्चार, पदर, घाम. छाटीविषयी बोलू लागताच ते छाटीकडे गेले. तेव्हापासून सभेच्या आदल्या दिवशी श्रोत्यांपैकी दोघातिघांच्या घरी जाऊन बसणे, ही मी भाषणाची खरी तयारी मानते. ज्या माणसाच्या घरी आपण चहा घेतला आहे, त्याच्याकडे पाहून बोलणे सोपे जाते.

महाराष्ट्राबाहेरील कॉम्रेडांनी मला आणखी एक अडचण कळवली आहे. सुरतेत लिंबायत, उधना भागात खानदेशातून गेलेली मराठी कामगार वस्ती मोठी आहे. परंतु यंत्रमागांवर त्यांच्या शेजारी ओडिया आणि उत्तर भारतीय कामगार असतात. तेथे मराठी कॉम्रेडला हिंदीत बोलावे लागते. मराठीला तीन लिंगे, हिंदीला दोन. प्रत्येक नपुंसकलिंगी शब्दापाशी त्याची जीभ अडखळते आणि लोक हसतील म्हणून तो गप्प राहतो. त्याने कॉ. गिऑर्गी दिमित्रॉव्ह यांची आठवण ठेवावी. छापखान्यात खिळे जुळवणारा हा बल्गेरियन कामगार १९३३ साली लाइपझिगच्या न्यायालयात, राइशस्टागच्या आगीच्या खोट्या आरोपाखाली, शत्रूच्या देशात आणि परक्या जर्मन भाषेत स्वतःचा बचाव करत होता. न्यायाधीश त्यांना वारंवार अडवत होते, अनेकदा त्यांना दालनाबाहेर काढण्यात आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात साक्षीला आलेल्या गोअरिंगचा तोल त्यांनी नुसत्या प्रश्नांनी घालवला. तुरुंगात त्यांनी जर्मन इतिहासाचा आणि कायद्याचा अभ्यास केला होता. म्हणजे तयारी विषयाची होती. त्याच दिमित्रॉव्ह यांनी १९३५ साली कॉमिंटर्नच्या सातव्या काँग्रेसमध्ये, पुस्तकी सूत्रांच्या भाषेत जनतेशी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांचे कान उपटले. आमच्या टेबलावर तो भाग चिकटवून ठेवायला हवा.

आणि आपल्याच देशातील उदाहरण हवे असेल, तर कॉ. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे घ्यावे. १९५७ साली केरळच्या पहिल्या मंत्रिमंडळाचे नेतृत्व करणारे हे नेते जन्मभर अडखळत बोलत. तुम्ही नेहमीच अडखळता काय, असे कोणी विचारले असता, ‘नाही, बोलतानाच’ असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. केरळमधील लक्षावधी लोक त्यांना ऐकायला जमत. शब्द अडला की सभा थांबे, आणि पुढच्या शब्दाची वाट पाही.

काही गोष्टी संघटनेने करावयाच्या आहेत, आणि त्या स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्याकडे नवा वक्ता एक तर सर्वांत आधी उभा केला जातो, म्हणजे माणसे जमायची असताना. नाही तर नेत्याच्या अगदी आधी, म्हणजे श्रोत्यांचे डोळे घड्याळाकडे लागलेले असताना. त्याला दुसरा क्रमांक द्यावा आणि सात मिनिटे द्यावीत. ज्येष्ठ कॉम्रेडांनी दीड-दीड तास बोलून इतरांची वेळ खाऊ नये, ही विनंती मी येथे बसलेल्यांनाही करत आहे. शाखेच्या बैठकीत अहवाल नेहमी सचिवानेच का द्यावा? पाळीपाळीने प्रत्येकाने दिला, तर ओळखीच्या माणसांत सराव होतो. भाषणानंतर त्याच रात्री टीका करू नये. दुसऱ्या दिवशी शाखेत करावी, आणि ‘छान झाले’ किंवा ‘जमले नाही’ असे मोघम न बोलता, श्रोते कोठे हलले आणि कोठे चुळबुळले ते सांगावे. म्हणजे भाषण चालू असताना एका कॉम्रेडने व्यासपीठाकडे पाठ करून श्रोत्यांकडे पाहत बसले पाहिजे. हे काम आजवर कोणाला सोपवलेले मी पाहिले नाही.

बारीकसारीक गोष्टी चर्चेत येतीलच. ध्वनिक्षेपक तोंडापासून वीतभर लांब धरावा, एका भाषणात दोनच आकडे सांगावेत, वगैरे. घोषणा देऊन आवाज बसल्यावर भाषणाला उभे राहू नये, हे मात्र आत्ताच सांगते.

दुपारच्या सत्रात प्रत्येक कॉम्रेडने पाच मिनिटे बोलायचे आहे. विषय आपल्या कामाच्या जागेवरील एक प्रश्न, फक्त एक. हिंदी भागातून आलेल्यांनी हिंदीत बोलावे. ‘पार्श्वभूमीवर’ हा शब्द वापरल्यास एक मिनिट कापले जाईल; तो मीच आपल्याला दिलेला आहे, तेव्हा परत घेण्याचा अधिकार माझा आहे. जेवणाला जाताना लिहून आणलेली भाषणे माझ्याजवळ जमा करावीत. पहिल्या तिघांची नावे अध्यक्ष आता वाचून दाखवतील.