शिक्षक पात्रता परीक्षा : गणित आणि बालविकासाची तयारी

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



डी.एड., बी.एड. झालेली कितीतरी मुले-मुली आपल्या वस्त्यांतून आज आहेत. पदविका हाती आहे, परंतु शिक्षक पात्रता परीक्षेच्या उंबरठ्यावर त्यांची वर्षे जात आहेत. त्यातच १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक आहे अशा कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. (अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपविण्यात आला.) म्हणजे हा विषय आता केवळ नवशिक्यांचा राहिलेला नाही, अनेक घरांच्या चुलीशी तो जोडला गेला आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने ही पात्रता ठरविली. महाराष्ट्रात राज्य परीक्षा परिषद २०१३ पासून ही परीक्षा घेते. पहिला पेपर इयत्ता पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण, वेळ १५० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट. पहिल्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण आहेत. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, तर राखीव प्रवर्गास ५५ टक्के गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. यास्तव एकही प्रश्न कोरा ठेवू नये. प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षे चालत असे. २०२१ च्या निर्णयानुसार ते आता आजीवन आहे.

आता मूळ मुद्दा. आपले विद्यार्थी बालविकास पाठ करतात आणि गणित सोडवितात. दोन वह्या, दोन वेळा, दोन वेगळी जगे! माझे म्हणणे असे की हे दोन विषय नसून एकच आहे, आणि जो हे ओळखतो त्याची निम्मी तयारी होते.

उदाहरण घ्या. मूल ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिते. आपण लाल शाईने फुली मारतो. परंतु त्याने काय केले ते पाहा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याने स्वतःसाठी नियम बनविला आहे : मोठ्यातून लहान वजा करायचे. मूल निष्काळजी नाही, ते विचार करते आहे. फक्त दशक सुटा करून हातचा घेण्याची कल्पना त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. पात्रता परीक्षेत प्रश्न येतो तो असा : ‘विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले, शिक्षकाने काय करावे?’ ‘अधिक सराव द्यावा’ हा पर्याय आकर्षक दिसतो, पण ‘मुलाला त्याची रीत विचारावी’ हा बहुधा योग्य असतो. केंद्रीय परीक्षेच्या पहिल्या पेपरात तर गणिताच्या ३० प्रश्नांपैकी १५ प्रश्न अध्यापनशास्त्राचेच असतात.

दुसरे उदाहरण आपल्या मायबोलीचे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात, साठ नंतर. म्हणून मूल ३६ लिहून मोकळे होते. ‘एकोणसत्तर’ मध्ये सत्तर ऐकू येते आणि वहीत ७९ उमटते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असे वाचन सुचविले गेले, तेव्हा राज्यभर वाद झाला. कोणती बाजू बरोबर, यात आज शिरत नाही. पण अडचण खरी आहे एवढे शिक्षकाने मानावे, आणि काड्यांचे दहा-दहाचे सहा गठ्ठे व तीन सुट्या काड्या मुलाच्या हाती द्याव्यात.

काड्याच का, याचे उत्तर पियाजे (१८९६–१९८०) यांच्याकडे आहे. सात ते अकरा हा वयोगट त्यांनी मूर्त क्रियात्मक अवस्थेचा मानला. या वयात हाताळलेल्या वस्तूंच्या आधारे तर्क चालतो. त्याआधीच्या मुलासमोर एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतले, तर ते म्हणते पाणी वाढले. व्हायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी दुसरी बाजू दाखविली : जे मूल एकट्याने करू शकत नाही, पण जाणत्याच्या मदतीने करू शकते, तेथेच शिकविण्याची खरी जागा असते. नावे आणि वयोगट पाठ जरूर करा. पण प्रत्येकापुढे गणिताचे एक उदाहरण लिहा.

तयारीच्या चार गोष्टी सांगतो. पहिली, गणितासाठी जाडजूड मार्गदर्शकाआधी पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तके क्रमाने सोडवा. ती इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. दुसरी, चुकांची वही ठेवा. उत्तर चुकले एवढेच नको. कोणत्या विचाराने चुकले तेही लिहा. तिसरी, दर रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून १५० मिनिटांत सोडवा. चौथी आणि महत्त्वाची, वस्तीतल्या दोन-तीन मुलांना रोज अर्धा तास शिकवा. एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा, असे मूल ठामपणे सांगेल. मग एक भाकरी तिघांत आणि तशीच दुसरी चौघांत वाटून दाखवा. त्या अर्ध्या तासात बालविकासाचे प्रकरण जिवंत होते, आणि त्या मुलांचेही भले होते.

एक इशारा. पैसे घेऊन पास करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. २०१९-२० च्या परीक्षेतील गैरप्रकार २०२१ मध्ये उघडकीस आले आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. आईबापांनी दागिने मोडून दिलेला पैसा गेला तर तो परत येत नाही, आणि नावही जाते. तसेच, ही परीक्षा म्हणजे नोकरी नव्हे. पुढे अभियोग्यता चाचणी व पवित्र प्रणालीद्वारे भरती असते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मित्रांनो, ज्या घरात अभ्यास विचारायला कुणी नसते, त्या घरातल्या मुलाला वर्गातला शिक्षक हाच एकमेव आधार असतो. त्याच्या चुकीमागचा विचार ओळखणारा शिक्षक लाभला तर ते मूल गणिताला घाबरून शाळा सोडणार नाही. तो शिक्षक आपल्यातून घडावा, यासाठी मंडळाने आठवड्यातून दोन संध्याकाळी सामुदायिक अभ्यासवर्ग सुरू करावा, अशी विनंती करून मी माझे भाषण पूर्ण करतो.