गीझरचे बटण कोणी बंद करावयाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विजेच्या काटकसरीवर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी फक्त गीझरपुरतेच बोलते.

बंबातील लाकडे संपली की जाळ आपोआप विझे. गीझरचे तसे नाही. पाणी तापले की तो थांबतो खरा, पण पाणी निवू लागले की पुन्हा सुरू होतो. बटण चालू राहिले तर घरात कोणी नसतानाही दिवसभर हाच क्रम चालतो. 2000 वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. तेवढ्यात 9 वॉटचा दिवा 100 तासांहून अधिक जळेल!

म्हणूनच “गीझर बंद केलास का?” हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो, आणि तो बहुधा आपल्यालाच विचारला जातो. हे आठवणीचे ओझे टायमर उचलतो. तो सॉकेटात बसवावा व त्यात गीझरचा प्लग लावावा. साध्या टायमरच्या चकतीवर 24 तास असतात. बहुतेकांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या असतात. साडेपाच ते सहाच्या खुंट्या दाबल्या की तेवढाच वेळ वीज मिळते.

मात्र काही पथ्ये पाळावीत. टायमर 16 अँपिअरचा असावा व कोरड्या जागी बसवावा. वीज गेली की साधी चकती थांबते. वीज आल्यावर तिची वेळ पुन्हा जुळवावी. पाणी तापविण्याचा रॉड आणि इस्त्री टायमरवर कदापि लावू नये. कोणाचे लक्ष नसताना ती सुरू झाली तर जिवाशी गाठ आहे. फ्रीजलाही तो नको, अन्न नासेल. एखाद्या लहान दिव्यासाठी घेतला, तर त्याची किंमतही लवकर भरून निघणार नाही.

आणखी एक. घरातील मंडळी दहा वाजेपर्यंत एकेक करून स्नानाला जाऊ लागली, तर टायमर बिचारा काय करील? म्हणून खुंट्या दाबण्यापूर्वी सर्वांनी बसून स्नानाच्या वेळा ठरवाव्यात. आधी आठवडाभर मीटरचे आकडे टिपा, मग टायमर लावून आठवडाभर टिपा. फरक मीटरच सांगेल.

काटकसर हे एकट्या गृहिणीचे व्रत नाही, ते साऱ्या घराचे आहे. एवढे बोलून मी आपली रजा घेते.