‘गमत नाही’ या शब्दाची किंमत

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, “तू मानसोपचाराच्या क्षेत्रात आहेस, ताणतणावावर बोल.” ताणतणावावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज एका कागदाबद्दल बोलणार आहे आणि आपल्या भागातल्या एका शब्दाबद्दल.

तो कागद म्हणजे ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली. स्पिट्झर, क्रोंके आणि विल्यम्स या अमेरिकन संशोधकांनी ती १९९९ च्या सुमारास तयार केली. नैराश्याच्या नऊ लक्षणांवर नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला, एवढंच विचारायचं. कधीच नाही म्हटलं तर शून्य, काही दिवस तर एक, निम्म्याहून जास्त दिवस तर दोन, जवळजवळ रोज तर तीन. एकूण गुण २७. साधारणपणे १० किंवा त्याहून जास्त आले की माणसाची नीट तपासणी करायची. कागद फुकट आहे, पाच मिनिटांत होतो आणि डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित माणसालाही वापरता येतो. जिथे मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, तिथे असा कागद फार मोलाचा.

आपल्याकडे त्याची गरज का, हे तुम्हाला सांगायला नको. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं, त्यात आपलं यवतमाळ होतं. कर्ज, कापसाचा भाव, पाऊस यावर तेव्हापासून बोललं जातं आणि ते बोललंच पाहिजे. पण त्या घरातल्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे विचारायची सवय आपल्याला उशिरा लागली.

आता माझी चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. बाह्यरुग्ण विभागात एक काकू आल्या होत्या. डोकं दुखतं, हातपाय गळतात, एवढीच तक्रार. मी छापील मराठी कागद काढला आणि वाचला, “कामात रस किंवा आनंद वाटत नाही, असं किती दिवस झालं?” काकू म्हणाल्या, “नाही.” पुढचा प्रश्न, “निराश किंवा हताश वाटतं का?” “नाही.” बेरीज तीन झाली. मी त्यांना डोकेदुखीच्या औषधासाठी दुसरीकडे पाठवलं.

दहा मिनिटांनी आमच्या मावशी आत आल्या. म्हणाल्या, “मॅडम, ते बाई बाहीर मले सांगे, दिवाळीपासून मले गमतच नाही. रातभर इचार येते. विहिरीकडं जायाचं भेव वाटते म्हणे.”

मी एसटी स्टँडकडे धावले. काकू गाडीत बसल्या होत्या. त्यांना परत आणलं, शेजारी बसून आपल्या बोलीत पुन्हा विचारलं. या वेळी बेरीज सतरा आली. त्यांच्यावर उपचार झाले, त्या बऱ्या झाल्या. पण गाडी पाच मिनिटं आधी सुटली असती तर? आणि माझ्या ‘तीन’ गुणांवर विश्वास ठेवून याआधी किती जण घरी गेले असतील?

मित्रांनो, ‘गमत नाही’ हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. तो माझ्या आईचा शब्द आहे. पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलमध्ये मी ‘गमत नाही’ म्हटलं की मुली हसायच्या. त्यांना वाटायचं मी ‘गंमत’ म्हणतेय. मी मुकाट्याने ‘करमत नाही’ म्हणायला शिकले आणि पुढे पुस्तकातलं ‘रस वाटत नाही’ म्हणू लागले. जो शब्द मी लाजून टाकून दिला, तोच नेमका पहिल्या प्रश्नाचं उत्तर होता.

तेव्हापासून मी या कागदाच्या भाषांतराकडे बारकाईने पाहायला लागले. अशा प्रश्नावलीचं भाषांतर करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. एकाने इंग्रजीतून मराठी करायचं, मूळ कागद न पाहिलेल्या दुसऱ्याने ते मराठी परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी जुळतात का पाहायचं. पद्धत चांगली आहे, पण तिला एक भोक आहे. सहाव्या प्रश्नात स्वतःला कमी लेखणं, आपण अपयशी ठरलो असं वाटणं विचारलं आहे. त्याचं शब्दशः मराठी होतं ‘स्वतःबद्दल वाईट वाटणे’. उलट भाषांतरात ते अगदी अचूक मूळ इंग्रजीवर परत जातं, परीक्षा पास! पण आपल्याकडे वाईट वाटणं म्हणजे दुःख होणं. “माझ्यामुळं घराचं वाटोळं झालं, लेकरायले तोंड कसं दाखवू,” ही जी भावना विचारायची आहे, ती या शब्दांत येतच नाही. म्हणून उलट भाषांतरानंतर खरी पायरी ही, की गावातल्या पाच-दहा माणसांना प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, “तुम्हाला यातून काय समजलं? तुमच्या शब्दांत सांगा.”

असं विचारलं की गमती कळतात. सातवा प्रश्न पेपर वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष लागतं का, असा. जिने शाळा पाहिली नाही ती म्हणते, “पेपर वाचतच नाही.” तिला भाजीत मीठ टाकलं की नाही हे विसरतं का, असं विचारावं लागतं. झोपेचा प्रश्न घ्या. रानडुकरांमुळे जागलीला जाणारा माणूस झोपत नाही, तो आजार नाही. निजायला मिळूनही डोळा लागत नाही, हे वेगळं. वेचणीच्या दिवसांत थकवा तर सगळ्यांनाच. ‘दोन आठवडे’ म्हटलं की गोंधळ होतो, ‘मागच्या दोन बाजारांपासून’ म्हटलं की लगेच कळतं. आणि ‘रस वाटत नाही का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर त्रास आहे की नाही? दोन्ही अर्थ निघतात. काकूंच्या ‘नाही’चा मी सोयीचा अर्थ घेतला होता.

मग प्रत्येकाने आपल्या मनाने प्रश्न बदलावेत का? तसंही नाही. दारव्ह्याचा आणि पांढरकवड्याचा कागद वेगळा झाला, तर गुणांची तुलना कशी करणार? छापील प्रश्न तोच ठेवायचा आणि खाली सगळ्यांनी मिळून ठरवलेला बोलीतला खुलासा द्यायचा. नव्या भाषेत १० हीच रेघ योग्य आहे का, हेही तज्ज्ञांच्या प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावं लागतं. शिवाय हा कागद चाळणी आहे, निदान नव्हे.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. रशियन भाषेत ‘तोस्का’ असा शब्द आहे, त्यात उदासी, हुरहूर, ओढ सगळं एकत्र येतं. त्याला एका इंग्रजी शब्दात कसं बसवणार? झिंबाब्वेत डॉ. विक्रम पटेल यांनी १९९० च्या दशकात उलटा रस्ता धरला. बाहेरची प्रश्नावली नेण्याऐवजी लोकांच्याच शोना भाषेतून चौदा प्रश्नांची प्रश्नावली उभी केली. तिथे लोक या आजाराला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्या काकूंचं “रातभर इचार येते” आठवलं ना?

आणि विचारलं तर फरक पडतो. पटेल यांच्यासह स्थापन झालेल्या गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शेकडा ४.३ होते, दीड वर्षाने २७.२ झाले. गावातल्याच माणसांनी गावच्या भाषेत बोलणं, हा त्याचा पाया होता.

आता माझं मागणं. आपल्या वर्गात कोणी शिक्षक झालं, कोणी कृषी केंद्र चालवतं, कोणाच्या घरी आशाताई आहेत. आपल्यात कोलामी, गोंडी, गोरमाटी घरात बोलणारे आहेत. माझी वऱ्हाडी मला एका काकूंनी परत दिली, पण तुमच्या भाषांमध्ये ‘गमत नाही’ला काय म्हणतात, हे मला येत नाही. ते मला लिहून द्या. जेवणाच्या पंगतीत सांगितलंत तरी चालेल, मी वही आणली आहे.

आणि कोणी “जगून काय फायदा” म्हणालं, तर विषय बदलू नका. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, रुग्णालयात न्या. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

सर, बाई, तुम्ही आम्हाला शब्दाचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला लावत होतात. तो प्रश्न मी अजून सोडवते आहे.